साखर किती?

विनू संस्थेतून घरी परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना मी त्याला विचारले, "विनू, साखर किती?" आई होती तोवर हा प्रश्न विचारावाच लागत नसे. तो स्वतःच ओट्याशी येऊन दोन बोटे नाचवायचा आणि एका चमच्यावर हात थांबला तर रुसून बसायचा. त्या सकाळी मात्र तो नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी पुन्हा विचारले. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "ते घालतात."

विनू माझा धाकटा भाऊ. आता तो ४९ वर्षांचा आहे. त्याच्या कागदपत्रांच्या पिशवीत तीन पिढ्यांचे शब्द आहेत: सर्वांत जुन्या दाखल्यावर 'मतिमंद', मधल्या एका कागदावर 'बौद्धिक अक्षम' आणि नव्या कार्डावर 'दिव्यांग'. शब्द बदलत गेले, सिव्हिल हॉस्पिटलची रांग तीच राहिली. वडील आधीच गेले होते आणि आई २०११ साली गेली. मी तेव्हा बँकेत होते, मुलगी दहावीला होती आणि बदलीचे पत्र टेबलावर पडलेले होते. सात-आठ महिने आम्ही शेजारच्या काकूंच्या भरवशावर कसेबसे ढकलले. मग पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावरील एका निवासी संस्थेत त्याचे नाव घातले. तिथे तो चार वर्षे होता.

हे लिहिताना मला एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला पुढे काही भयंकर येणार असे वाटेल. त्या संस्थेत विनूला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही, बांधून ठेवले नाही. चालवणारी माणसे सज्जन होती आणि तुटपुंज्या पैशांत राबत होती. चादरी स्वच्छ असत. माझ्या मनातली संस्थेविषयीची तक्रार क्रौर्याची नाहीच. विनूच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरवर आत काळ्या शाईने १७ हा आकडा घातलेला होता, कारण धुलाईत कपडे मिसळतात. सगळ्यांचे केस एकाच रविवारी एकाच मापाने कापले जात. चहा मोठ्या पातेल्यात साखर घालूनच होई, कारण चाळीस जणांना चाळीस तऱ्हेने चहा देणे कोणाला जमेल? रात्रीचे जेवण साडेसहाला होई, कारण स्वयंपाकाच्या बाईंची शेवटची एसटी साडेसातची होती. यातल्या प्रत्येक गोष्टीला रास्त कारण होते. आणि त्या सगळ्या रास्त कारणांनी मिळून माझ्या भावाला असा माणूस बनवले की घरी आल्यावर तो पाण्याचा माठ समोर असताना "पिऊ?" असे विचारून थांबायचा. न्हाणीघराच्या दाराशीही तो थांबायचा. पुढचे चार महिने मी रोज सकाळी साखर किती ते विचारत राहिले आणि तो रोज माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत राहिला.

माझ्या मते संस्था कशाला म्हणायचे याची खरी कसोटी हीच आहे. इमारत केवढी, खाटा किती, कुंपण किती उंच हे प्रश्न दुय्यम आहेत. गंमत अशी की हे शहाणपण मला माझ्या अनुभवातून सुचले असे मी समजत होते आणि मग कळले की संयुक्त राष्ट्रांच्या समितीने ते २०१७ साली लिहूनच ठेवले आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली. त्याचे १९ वे कलम सांगते की कुठे राहायचे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आहे आणि विशिष्ट प्रकारच्या निवासातच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. या कलमाचा अर्थ उलगडताना समितीने म्हटले की शंभर जणांचे वसतिगृह असो, आठ जणांचे समूहगृह असो किंवा एकट्याचे घर असो, रोजच्या जगण्यावर त्या माणसाचा ताबा नसेल, वेळापत्रक ताठर असेल, सोबत कोण राहणार हे दुसऱ्यांनी ठरवले असेल, तर ती संस्थाच होय. हे वाचताना मला आमच्या पातेल्यातला चहा आठवला.

आपल्या देशातील कायदाही याच बाजूने बोलतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे पाचवे कलम दोन-चार ओळींचे आहे. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क असेल, असे ते निःसंदिग्धपणे म्हणते. त्यापुढे मात्र शासन काय करील हे सांगताना त्याची भाषा मवाळ होते: घरी मिळणारी मदत, वैयक्तिक साहाय्य वगैरे सेवा मिळाव्यात म्हणून शासन 'प्रयत्न करील'. 'देईल' आणि 'प्रयत्न करील' यांतले अंतर किती असते, हे कोणत्याही कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला सांगायला नको.

मानसिक आजारासंबंधीचा कायदा वेगळा आहे आणि तो अधिक स्पष्ट आहे. (मानसिक आजार आणि बौद्धिक दिव्यांगत्व या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्या सर्रास एकत्र केल्या जातात आणि माझ्या नात्यातल्या सुशिक्षित मंडळींचेही विनूविषयी "त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का?" असे विचारून झाले आहे.) २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे १९ वे कलम म्हणते की केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, राहायला घर नाही किंवा समाजात सोयी नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. मूळ मजकूर वाचला की लक्षात येते, आपल्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या माणसांची जी-जी कारणे सांगितली जातात, ती सगळी कायद्याने नेमकी मोजून बाद केली आहेत.

'ठाण्याला पाठवायला हवे' हे वाक्य ज्यांनी मुंबई-कोकणात बालपण काढले त्यांनी थट्टेत शंभरदा ऐकले असेल. आम्ही पुण्याचे लोक येरवडा म्हणतो आणि त्यात तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही एका दमात सामावून घेतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. पुणे, नागपूर आणि रत्नागिरी धरून राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि या चारही गावांची नावे मराठीत कधी ना कधी शिवीसारखी वापरली गेली आहेत. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून २०१९ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की तिथल्या रहिवाशांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक माणसे एक वर्षापेक्षा जास्त काळ तिथेच होती. त्यांतल्या काहींचे तर पाव शतक तिथे गेले होते. रुग्णालयात माणूस उपचारासाठी जातो आणि बरा झाला की घरी येतो, हा साधा व्यवहार इथे बंद पडतो, कारण घरचा पत्ता खोटा निघतो किंवा दार उघडणारे भाऊ-भावजय "आमच्याकडे जागा नाही" असे सांगून दार लावून घेतात.

यावर आपल्या राज्याने काय केले, तेही सांगायला हवे. बऱ्या झालेल्या काही जणांना मनोरुग्णालयातून हलवून भिक्षेकरीगृहे आणि वृद्धाश्रम अशा ठिकाणी ठेवण्यात आले. कागदावर पाहिले तर माणूस मनोरुग्णालयातून बाहेर पडला, पुनर्वसन झाले, रकाना भरला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला यावरून सुनावले आणि अशी हलवाहलव कायद्याच्या उद्देशाशीच विसंगत आहे, हे स्पष्ट केले. ज्या माणसाने आयुष्यात कधी भीक मागितली नाही, त्याला बरे झाल्याचे बक्षीस म्हणून भिक्षेकरीगृह मिळावे, यात विनोद आहे की काय आहे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

अर्थात ही आपली जुनी खोड आहे. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खासगी 'मनोरुग्ण आश्रमा'च्या झोपडीला आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती, त्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जण मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अशी बेकायदा आश्रमे बंद झाली, हे चांगलेच झाले. पण त्याचबरोबर प्रत्येक राज्यात किमान एक सरकारी मनोरुग्णालय असावे असा आदेशही निघाला. कोंडलेली माणसे कोंडल्यामुळे मेली आणि त्यावरचा उपाय म्हणून अधिक चांगल्या भिंती मागितल्या गेल्या. त्या वेळी मलाही तो आदेश योग्य वाटला होता, हे कबूल करते.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्यायचे तर फेब्रुवारी १९९४ मधले शिरूरचे प्रकरण आहे. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींची आणि स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. कारण असे दिले गेले की त्यांना पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. आम्ही तेव्हा पुण्यातच होतो. मला आठवते, आमच्या आळीतल्या बायकांमध्ये यावर दोन तट पडले होते आणि मोठा तट "काय वाईट केले? सांभाळणाऱ्यांचा विचार नको का करायला?" असे म्हणणाऱ्यांचा होता. आई गप्प होती. रात्री ती एवढेच म्हणाली, "विनू मुलगी असता तर?" सांभाळणाऱ्याची सोय ही हळूहळू सांभाळल्या जाणाऱ्याच्या शरीरापर्यंत कशी पोचते, हे समजून घ्यायला दूर कुठे जायची गरज नाही.

दूरचीही एक गोष्ट मात्र सांगते, कारण तिने मला धीर दिला. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात लोइस कर्टिस नावाची एक स्त्री होती. बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार दोन्ही असल्याने ती सरकारी रुग्णालयात होती. डॉक्टर म्हणत होते की ती बाहेर राहू शकते, पण बाहेर सोय नाही म्हणून ती आतच होती. तिने आणि तिच्यासारख्याच इलेन विल्सन हिने राज्याविरुद्ध दावा लावला. २२ जून १९९९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याला समाजात राहणे शक्य आहे आणि ज्याची तशी इच्छा आहे, त्याला कारणाशिवाय संस्थेत वेगळे ठेवणे हा भेदभावच आहे. पुढे लोइस स्वतःच्या घरात राहिली, चित्रे काढत राहिली आणि २०११ साली तिने आपले एक चित्र राष्ट्राध्यक्ष ओबामांना भेट दिले. २०२२ साली ती वारली. मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की दावा तिने लावला होता. तिच्या आईने नाही, तिच्या ताईने नाही.

आता पालकांविषयी. महिन्यातून एकदा आम्ही बारा-पंधरा कुटुंबे एकत्र बसतो. बैठकीत विषय कोणताही असो, पेन्शन असो की दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा असो, अर्ध्या तासात गाडी एकाच फाट्यावर येते: "आमच्या माघारी याचे काय?" हा प्रश्न विचारणाऱ्या आईचे वय पंचाहत्तर असते, मुलाचे पंचेचाळीस, आणि दुसरा मुलगा अमेरिकेत असतो. तिला 'समाजात राहण्याचा हक्क' असे काही सांगायला गेले की ती शांतपणे विचारते, "कोणत्या समाजात? आमच्या खालच्या मजल्यावरचे लोक त्याला लिफ्टमध्ये घेत नाहीत." अशा वेळी आपल्या हातातले कायद्याचे पुस्तक फार हलके वाटू लागते. चांगली संस्था, आजीव निवास, एकरकमी देणगी आणि निश्चिंत मन, हे तिचे स्वप्न आहे आणि त्या स्वप्नाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मीही तो फॉर्म एकदा भरला आहे.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांचे उदाहरण या बैठकीत हमखास निघते. बेवारस सोडलेल्या शंभरहून अधिक दिव्यांग मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचे नाव दिले, वाढवले, कितीकांची लग्ने लावली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अठराव्या वर्षी ही मुले बालगृहाबाहेर काढली जातात आणि मग ती कुठे जातात हे कोणी पाहत नाही, म्हणून त्यांना कायमचे राहू देणारा कायदा करा, अशी त्यांची वर्षानुवर्षांची मागणी आहे. वरवर पाहता ही मागणी माझ्या म्हणण्याच्या उलट आहे. तरीही मला ती उलट वाटत नाही. ज्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून रस्ता दाखवला जातो, त्याला समाजात राहण्याचा हक्क मिळाला असे कोण म्हणेल? बाबांनी मुलांना नाव दिले, लग्ने लावली, याचा अर्थ ते संस्थेच्या आत राहून घर करू पाहत होते. पण असा बाप जिल्ह्याजिल्ह्याला जन्मत नाही आणि धोरण तर अशा बापाच्या भरवशावर आखता येत नाही.

आणि संस्था नुसत्या बंद करून भागत नाही, हेही खरे. अमेरिकेतच १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. पुढच्या काही दशकांत ती रुग्णालये झपाट्याने रिकामी केली गेली, पण त्यांच्याऐवजी वस्तीवस्तीत जी केंद्रे उभी राहायची होती, त्यांपैकी बरीच झालीच नाहीत. कितीतरी माणसे फुटपाथवर आणि तुरुंगात गेली. त्याच काळात इटलीत ट्रिएस्ट शहरात फ्रांको बझालिया या मानसोपचारतज्ज्ञाने आधी शहरात सेवा उभ्या केल्या आणि रुग्णालय टप्प्याटप्प्याने रिकामे केले. १९७३ साली तिथल्या रहिवाशांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक भला मोठा निळा घोडा तयार केला आणि त्याची शहरातून मिरवणूक काढायचे ठरवले. घोडा फाटकातून मावेना, तेव्हा फाटक तोडावे लागले. १९७८ साली इटलीने मनोरुग्णालये बंद करण्याचा कायदाच केला. आपल्याकडे गणपतीच्या मंडपातून मूर्ती बाहेर निघेना म्हणून कमान कापलेली मी पाहिली आहे, त्यामुळे हा प्रसंग मला अगदी ओळखीचा वाटतो.

आपल्याकडे घोडे अडते ते पैशाच्या वाटेवर. अनुदानित निवासी शाळेला प्रत्येक निवासी मुलामागे परिपोषण अनुदान मिळते. मूल घरी राहिले की तो पैसा त्याच्यामागे घरी येत नाही. म्हणजे शासनाचा पैसा खाटेमागे जातो, माणसामागे जात नाही. घरी राहणाऱ्याला काय मिळते? केंद्राची दिव्यांग पेन्शन ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तर महिना ३०० रुपये. राज्याची संजय गांधी निराधार योजना आहे आणि तिची रक्कम दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला, पण तिची उत्पन्नमर्यादा एवढी खाली आहे की कारकुनाचे घरही तिच्यात बसत नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्वांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. तो बहुधा मार्चअखेरीस तीनचाकी सायकली आणि फोटोंवर खर्च होतो. केरळने आश्वासकिरणम् या योजनेतून घरी सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम हसण्यासारखी आहे, पण ती सांभाळणाऱ्या बाईच्या नावाने निघते. स्वीडनमध्ये तर १९९४ पासून वैयक्तिक मदतनीस हा कायद्याने मिळालेला हक्क आहे: माणसाच्या गरजेनुसार तास ठरतात आणि त्या तासांचे पैसे मिळतात. 'आमच्या माघारी याचे काय' या प्रश्नाचे उत्तर आपण सदैव जागेच्या भाषेत शोधतो. कोणती संस्था, कोणता आश्रम, किती डिपॉझिट. विनूच्या बाबतीत मला कळले की उत्तर तासांच्या भाषेत आहे. त्याला दिवसातून साडेपाच तास मदत लागते. उरलेले साडेअठरा तास त्याचे तो जगतो.

हे साडेपाच तास देणार कोण? आजवर ते आईने दिले, तिच्यानंतर वहिनी, बहीण, भाची देतात, आणि त्याला आपण कुटुंबवत्सलता असे गोंडस नाव देतो. २०१६ साली विनूला परत आणले तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांनी कौतुक केले. त्या कौतुकाचा मला अजून राग आहे. संस्थेला पर्याय म्हणून 'घरीच ठेवा' असे म्हणणे म्हणजे बाईला फुकटची मदतनीस करणे होय. शिवाय घर हे काही आपोआप घर नसते. पाहुणे आले की मागच्या खोलीत बसवलेला, मतदार यादीत नाव नसलेला, चाळीस वर्षांचा असून भाच्या-पुतण्यांच्या वरातीत 'बाळ' म्हणून हाक मारली जाणारा माणूस हा कुटुंबात राहतो, समाजात राहत नाही. विचारण्याचे ते चार महिने सरल्यावर पुढची दोनेक वर्षे मीही त्याच्या चहात साखर घालून टाकायची, घाई असे तेव्हा. अशा सकाळी मी आणि संस्थेच्या त्या पातेल्यात काही फरक नव्हता.

वेगळ्या वाटा शोधणारी माणसे आहेत. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' या नावाने मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायला मदत करायला सुरुवात केली. हे काम पुढे महाराष्ट्रात रत्नागिरीपर्यंत आले. बाजार, भाजी, शेजारणीशी भांडण, सगळे त्यांचे त्या करतात आणि लागेल तेवढ्यापुरती मदतनीस सोबत असते. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ साली बापू ट्रस्ट सुरू केला. बापू हे त्यांच्या आईचे नाव. पुण्याच्या वस्त्यांमध्ये फिरून, मानसिक त्रासातून जाणाऱ्या माणसाभोवती शेजार कसा उभा करता येईल यावर त्यांनी काम केले.

आमच्या बैठकीतल्या चार कुटुंबांनी गेल्या वर्षी असेच काही करून पाहायचे ठरवले: चार जण, एक तीन खोल्यांचा फ्लॅट, सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या दोन मदतनीस आणि रात्री राहणारा एक विद्यार्थी, ज्याला भाड्यात सवलत. कोणाबरोबर राहायचे हे आम्ही ठरवले नाही. त्याआधी वर्षभर बैठकीतल्या घरांमधले आठ जण दर शनिवारी एकत्र जेवत होते, त्यातून त्यांच्या त्यांच्या जोड्या जमल्या. ज्याच्याशी विनूचे जमेल असे मला वाटत होते, त्याच्याशी त्याचे जमले नाही. फ्लॅट मिळायला सात महिने लागले. एका सोसायटीने खास सभा बोलावली. कोणी वाईट बोलले नाही. एक गृहस्थ अत्यंत अदबीने म्हणाले, "ताई, आमचा विरोध नाही, पण इतक्या चांगल्या संस्था आहेत हो." दुसऱ्या ठिकाणी 'संस्था चालवणार म्हणजे व्यावसायिक वापर' असे म्हणून दुप्पट देखभाल मागितली. इथे संस्था नाही, चार भाडेकरू राहणार आहेत, हे समजावताना आमची दमछाक झाली.

अखेर एक घरमालक मिळाले, त्यांची स्वतःची मावशी येरवड्याला वारली होती. कराराच्या दिवशी एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन आला आणि म्हणाला, "यांच्या नावाने करार होत नाही मॅडम, गार्डियनच्या नावाने करू." २०१६ च्या कायद्याचे तेरावे कलम दिव्यांग व्यक्तीला कायद्यापुढे समान क्षमता देते आणि १८७२ चा करार कायदा 'अस्थिर मना'च्या माणसाला करार करू देत नाही. या दोघांमधला वाद आमच्या जेवणाच्या टेबलावर सुटण्यासारखा नव्हता. तासभर हुज्जत घालून करार पालकांच्या नावाने झाला आणि 'राहणार' म्हणून चौघांची नावे त्यात घातली गेली. विनूने आग्रहाने यंत्रावर अंगठा ठेवलाच. त्याची नोंद कुठेच झाली नाही, पण यंत्राचा हिरवा दिवा लागला तेव्हा तो खूश झाला.

पहिल्या आठवड्यात दूध नासले, गिझर रात्रभर चालू राहिला आणि विनूने मला दोनदा फोन करून "ये" म्हटले. एकदा मी गेले, एकदा गेले नाही. मदतनीस बाईंचा पगार चौघांत वाटूनही माझ्या पेन्शनला जड जातो आणि मी ६३ वर्षांची आहे, हा हिशेब काही सुटलेला नाही. दिव्यांगांसाठी कायदेशीर पालक नेमणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दिलेला अर्ज अजून टेबलावर आहे; त्यावर 'संस्थेचे नाव' हा रकाना आहे आणि तो कोरा चालत नाही म्हणतात. घरमालकांनी किल्ल्या तीन दिल्या. राहणारे चार आहेत. चौथी करून घ्यायला विनू आणि तो विद्यार्थी उद्या मंडईपाशी किल्लीवाल्याकडे जाणार आहेत.